यूआरएन मिळाला म्हणजे सुटलो असं नाही: लोटे, महाड, धाटावच्या केमिकलवाल्यांसाठी प्रिकर्सरची कामं क्रमाने

लोटे-परशुराम, महाड, धाटाव, तळोजा इकडे केमिकलचा धंदा करणारे बरेच जण सगळं उलट्या क्रमाने करतात. आधी ऑर्डर घेतात, मग माल मागवतात आणि गाडी गेटवर उभी राहिली की विचारतात, "काय ओ, याला काही परवाना लागतो का?" लागतो. आणि तो त्या दिवशी मिळत नाही.

हा लेख ड्रग्ज बनवायला वापरली जाऊ शकतात अशा केमिकलचा, म्हणजे प्रिकर्सरचा, कायदेशीर व्यापार करणाऱ्यांसाठी आहे. दुकानदार, स्टॉकिस्ट, छोटे मॅन्युफॅक्चरर, स्टोअरकीपर आणि जीएसटीबरोबर हेही काम ज्यांच्या गळ्यात पडतं ते अकाउंटंट. हेच केमिकल औषधं, रंग, सुगंधी द्रव्यं बनवायलाही लागतात, त्यामुळे सरकारने त्यांच्यावर बंदी घातलेली नाही, हिशेब मागितलाय. तो हिशेब कसा ठेवायचा तेवढंच खाली सांगतो.

कायदा थोडक्यात. अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५, त्यातलं कलम ९ए आणि त्याखाली निघालेला २०१३ चा नियंत्रित पदार्थांचा आदेश, ज्याला सगळे आरसीएस ऑर्डर म्हणतात. आदेश मोडला तर कलम २५ए लागतं, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, कोर्टाने कारण नोंदवलं तर दंड त्याहून जास्तही. रजिस्टर कोरं राहिलं म्हणून इतकी शिक्षा होते का, असं विचारणारे भेटतात. रजिस्टर कोरं असेल तर माल चोरवाटेने गेला नाही हे तुम्ही दाखवणार कशावरून, असं मी त्यांना उलट विचारतो.

१. आधी यादी बघा, आणि नाव नीट वाचा

आदेशात तीन याद्या आहेत आणि तिन्ही एकच समजणं ही पहिली चूक.

शेड्यूल ए म्हणजे देशातल्या देशात बनवणं, विकणं, घेणं, साठवणं, वापरणं या सगळ्यावर नियंत्रण. २०१३ च्या आदेशात यात पाच नावं आहेत: ॲसेटिक अनहायड्राइड, ॲन्थ्रानिलिक ॲसिड, एन-ॲसिटाइल ॲन्थ्रानिलिक ॲसिड, इफेड्रिन, सुडोइफेड्रिन. शेड्यूल बी निर्यातीसाठी, शेड्यूल सी आयातीसाठी, आणि या दोन याद्या ए पेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. दुरुस्त्या होत असतात म्हणून चार वर्षांपूर्वी कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या पीडीएफवर विसंबू नका, ताजं राजपत्र काढून फाइलला लावा.

कोकणातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. विहिरीत टाकायला, कोळंबीच्या तलावाला, सगळीकडे जातं. २०१३ च्या ए यादीत ते नाही, म्हणून गुहागरच्या दुकानदाराला गावात पाकीट विकायला यूआरएन, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, लागत नाही. पण तेच परमँगनेट न्हावा शेवावरून परदेशी पाठवायचं असेल तर निर्यातीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते. माल तोच असतो, पण तो कुठे चाललाय त्यावर कागद बदलतो.

दुसरी गफलत नावाची. ॲसेटिक ॲसिड वेगळं आणि ॲसेटिक अनहायड्राइड वेगळं. स्टोअरमध्ये दोघांनाही आंबूस झोंबणारा वास, दोन्ही ड्रम निळे, आणि पोरगं चलनावर नुसतं "ॲसेटिक" लिहून मोकळं होतं. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ए यादीत नाही, अनहायड्राइड आहे. ड्रमवरचा कॅस नंबर, म्हणजे त्या केमिकलचा ठरलेला ओळख क्रमांक, बघायची सवय लावा, अनहायड्राइडचा १०८-२४-७ आणि ॲसिडचा ६४-१९-७. इनव्हॉइसवर एचएसएन कोड बघा, अनहायड्राइडचा २९१५ २४. या दोन आकड्यांनी निम्मी भांडणं मिटतात.

तपासणी: तुमच्या आयटम मास्टरमधलं प्रत्येक नाव तिन्ही याद्यांशी एकदा ताडून बघा आणि समोर ए, बी, सी किंवा "नाही" असं लिहा. टॅलीत ब्रँडनेमने किंवा शॉर्टकटने टाकलेले आयटम सगळ्यात आधी उघडा, लपलेला माल तिथेच सापडतो.

२. यूआरएन, म्हणजे नोंदणी, ऑर्डर घेण्याच्या आधी

ए यादीतला पदार्थ बनवायचा, विकायचा, वाटायचा, आयात-निर्यात करायचा किंवा कारखान्यात वापरायचा असेल तर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या (एनसीबी) झोनल डायरेक्टरकडून युनिक रजिस्ट्रेशन नंबर घ्यावा लागतो. आपल्याकडच्यांचं प्रकरण मुंबई झोनल युनिटकडे जातं. "आम्ही विकत नाही, फक्त रिॲक्शनला वापरतो" असं म्हणणारे कारखानेही यात येतात, हे अजूनही कित्येकांना पटत नाही.

अर्ज भरायच्या आधी हे कागद एका जागी करा, नाहीतर चकरा मारत बसाल: पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, फॅक्टरी लायसन्स किंवा दुकानाची नोंदणी, प्रदूषण मंडळाची संमती, जागेचा कागद, मालक-भागीदार-डायरेक्टर यांची ओळखपत्रं, जबाबदार माणसाचं नाव, कोणता पदार्थ किती आणि कशासाठी लागतो याचा खुलासा. इफेड्रिनसारखा औषधी माल असेल तर औषध परवानाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पत्त्यावर. जीएसटीवर "प्लॉट नंबर, लोटे", फॅक्टरी लायसन्सवर "गाव असगणी, तालुका खेड", आणि एमआयडीसीच्या अलॉटमेंट लेटरवर तिसरंच काहीतरी. तुम्हाला माहितीये की ही एकच जागा आहे, फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्याला त्या तीन जागा दिसतात. आधी सगळ्या कागदांवर पत्ता एकसारखा करून घ्या, त्यात महिना गेला तरी चालेल.

दुसरी अडचण भाड्याच्या शेडची. यूआरएन एकाच्या नावावर, शेड दुसऱ्याच्या, माल तिसऱ्याचा, असा कारभार इकडे चालतो आणि सगळ्यांना ते ओळखीपाळखीचं वाटतं. चौकशी आली की ओळख कामाला येत नाही. शेडमालकांनाही सांगतो, जागा कशासाठी वापरली जातेय हे माहीत असून चालू दिलंत तर एनडीपीएसच्या कलम २५ खाली तुम्हीही अडकता. एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ, २०१५ पासून एनडीपीएसच्या यादीत आहे. बंद पडलेल्या केमिकल शेडमधून असा माल पकडला गेला की पहिला फोन शेडमालकाला जातो. करारात वापराचा हेतू लिहून घ्या आणि भाडं घ्यायला जाल तेव्हा आतही डोकवा.

सावधान: जागा बदलली, भागीदार बदलला, नवीन गोडाऊन घेतलं तर झोनल ऑफिसला लेखी कळवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत नव्या जागी एक ड्रमसुद्धा उतरवू नका. फोनवर "चालेल" म्हणाले होते, हा पुरावा नाही.

३. माल येताना

यूआरएन हातात आला. आता पुरवठादाराचा यूआरएन मागा. हो, त्याचाही. मोठ्या कंपनीकडून घेताय म्हणून गृहीत धरू नका, मधला ट्रेडर असतोच.

गाडी आली की ड्रम उतरवायच्या आधी या क्रमाने बघा: कन्साइनमेंट नोट (मालाबरोबर येणारा पाठवणीचा कागद) आहे का, तिच्यावरचं नाव-पत्ता-यूआरएन तुमचाच आहे का, ड्रमची संख्या जुळते का, प्रत्येक ड्रमवर पदार्थाचं नाव, किती माल, कोणी पाठवला, कोणाला पाठवला हे लेबल आहे का, सील शाबूत आहे का. मग वजन. मग सही. आमच्याकडे उलटं होतं, ड्रायव्हरला चहाची घाई असते म्हणून सही आधी आणि वजन संध्याकाळी. सही केल्यावर कमी निघालेला माल तुमच्या हिशेबातून गेलेला असतो.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. अनहायड्राइडची घनता साधारण १.०८ आहे, म्हणजे २०० लिटरचा ड्रम म्हणजे जवळपास २१६ किलो. स्टोअरवाल्याने रजिस्टरला "१० ड्रम, २००० लिटर" लिहिलं आणि नंतर कुणीतरी लिटरच्या जागी किलो वाचलं, तर बिलावरच्या २१६० किलोतले १६० किलो कागदावर गायब. चोरी नाही, गळती नाही, फक्त एकक चुकलं. पण तपासणीला आलेला माणूस १६० किलो कुठे गेलं हेच विचारणार. रजिस्टर, बिल, रिटर्न सगळीकडे किलोच वापरा, लिटर लिहायचं असेल तर शेऱ्यात.

४. साठवण, आणि आपला पावसाळा

कोकणात हा भाग इतरांपेक्षा जड आहे. अनहायड्राइडला पाणी चालत नाही, पाण्याशी रिॲक्शन होऊन उष्णता निघते आणि ॲसेटिक ॲसिड बनतं. पत्र्याच्या शेडला एक भोक, त्याखाली सैल बुच असलेला ड्रम, एवढं पुरतं. सांडलं तर पाइप घेऊन धावू नका, कोरडी वाळू वापरा, आणि डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय जवळ जाऊ नका.

पूर हा दुसरा विषय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये काय झालं ते सांगायला नको. वाशिष्ठी नाहीतर सावित्रीच्या बाजूला गोडाऊन असेल तर ए यादीतला माल वरच्या फलाटावर, कुलपात, आणि रजिस्टर तर त्याहून वर. रजिस्टरचा दर आठवड्याचा फोटो काढून मालकाच्या ईमेलला टाकायची सवय लावा, कारण माल वाहून गेला तर विमा मिळेल, पण रजिस्टर वाहून गेलं तर माल होता हेच सिद्ध करता येत नाही.

माल गायब झाला, वाहून गेला, चोरीला गेला, ड्रम फुटला, काहीही झालं तरी एनसीबीच्या झोनल डायरेक्टरला लगेच कळवायचं असतं. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार वेगळी. पंचनामा, फोटो, तलाठ्याचा कागद, जे मिळेल ते जोडा. "आधी शोधून बघू, मग सांगू" यात चार दिवस जातात आणि तेच चार दिवस नंतर अंगाशी येतात.

तपासणी: कुलपाच्या चाव्या किती आणि कुणाकडे, हे एका कागदावर लिहून ठेवलंय का? वॉचमनकडे चावी असेल तर काढून घ्या.

५. विकताना: नाही म्हणायला शिका

घेणाऱ्याकडून तीन गोष्टी हव्यात. त्याचा यूआरएन, त्याची ओळख पटवणारा कागद आणि माल कशासाठी हवा याचं लेखी डिक्लेरेशन. जीएसटी नंबर म्हणजे यूआरएन नाही. जीएसटी नंबर कुणीही काढतो.

डिक्लेरेशनमध्ये "इंडस्ट्रियल यूज" एवढंच असेल तर परत पाठवा. काय बनवणार, किती बॅच, महिन्याला किती लागणार, हे लिहायला खऱ्या वापरणाऱ्याला पाच मिनिटं लागतात. ज्याला लिहायला जड जातं त्याच्याबद्दल शंका घ्यायला कारण आहे.

कुठल्या ऑर्डरवर थांबायचं? अनुभवी माणसाला वास येतो पण नव्याने बसलेल्या पोराला सांगावं लागतं. रोख देतो म्हणणारा. पैसे तिसऱ्याच्याच खात्यातून पाठवणारा. माल कारखान्यात नको, हायवेच्या ढाब्यावर किंवा जेटीजवळ उतरवा म्हणणारा. लेबल काढून द्या, छोट्या कॅनमध्ये भरून द्या म्हणणारा. भाव न विचारणारा, हे तर मोठं लक्षण, कारण आपल्याकडे खरा धंदेवाला किलोमागे आठ आण्यांसाठी अर्धा तास भांडतो. आणि जो काल रंगाचा धंदा करत होता, आज अचानक पाचपट माल मागतोय.

असा फोन आला की काय बोलायचं ते पोराला पाठ करून द्या:

"शेठ, यूआरएनची कॉपी आणि डिक्लेरेशन मेल करा, मग रेट देतो."

"अरे आधी रेट तर सांग, कागद होतील."

"नाही शेठ, आमच्याकडे कागद आधी. रेट काय, लगेच सांगतो नंतर."

बहुतेक वेळा पुन्हा फोन येत नाही. तरी नंबर, तारीख, काय मागितलं हे एका वहीत लिहा आणि शंका घट्ट असेल तर झोनल ऑफिसला कळवा. विकलं नाही म्हणून आपलं काम संपलं असं समजू नका, तो माणूस तासाभरात शेजारच्या दुकानात फोन लावणार आहे.

ज्यांना हे सगळं अति वाटतं त्यांनी २०१६ आठवावं, ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून टनावारी इफेड्रिन पकडलं होतं. असा माल बाहेर पडायच्या आधी तो कुठल्या ना कुठल्या स्टॉक रजिस्टरवर असतोच.

६. गाडी सुटताना

ए यादीतला माल कन्साइनमेंट नोटशिवाय गेटबाहेर जाता कामा नये. एक प्रत गाडीबरोबर, एक फाइलला, आणि पोचल्यावर घेणाऱ्याने किती मिळालं ते लिहून सही-शिक्क्याने परत पाठवलेली. ही परत आलेली प्रत बहुतेकांच्या फाइलमध्ये नसते. माल पोचला, पैसे आले, विषय संपला असं वाटतं. पण ती प्रत नसेल तर तुमच्या गेटपासून त्याच्या गेटपर्यंत माल गेला याचा काहीच कागद तुमच्याकडे नाही. पुढची ऑर्डर त्या प्रतीशिवाय द्यायचीच नाही, हा नियम लावलात की प्रती आपोआप येतात.

बाकीचं ट्रान्सपोर्टचं: धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतल्याची नोंद ड्रायव्हरच्या लायसन्सवर हवी, ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारा कागद) केबिनमध्ये हवं, ई-वे बिलाची मुदत बघायची, २०० किलोमीटरला एक दिवस. परशुराम घाटात दरड आली, कशेडीत गाडी बंद पडली, तर मुदत संपायच्या आधीच्या ८ तासांत किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवता येते. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदी येते, दरवर्षी येते, आणि तरी दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी माणगाव नाहीतर वडखळला अडकून पडलेली असते. बंदीच्या तारखा जाहीर व्हायच्या आधीच त्या आठवड्यातलं डिस्पॅच पुढे-मागे करा. अडकलेल्या गाडीतला माल दुसऱ्या गाडीत बदलायची वेळ आलीच तर नवीन गाडीचा नंबर ई-वे बिलावर चढवा, कन्साइनमेंट नोटवर शेरा मारा, सीलचे फोटो घ्या, आणि मालकाला फोन केल्याशिवाय ड्रम हलवायचा नाही हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

७. निर्यात किंवा आयात असेल तर ग्वाल्हेर

इथे लोक एनसीबी आणि सीबीएन यांचा गोंधळ घालतात. यूआरएन एनसीबीकडून. बी यादीतल्या मालाची निर्यात आणि सी यादीतल्या मालाची आयात यांची एनओसी नार्कोटिक्स कमिशनरकडून, म्हणजे सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स, मुख्यालय ग्वाल्हेर. यूआरएन आहे म्हणून एनओसी नको, असं नाही. माल ए मध्येही असेल आणि बी मध्येही, तर दोन्ही लागतात.

एनओसी प्रत्येक कन्साइनमेंटची वेगळी. निर्यातीत वेळ जातो तो पलीकडच्या देशाला आगाऊ सूचना द्यावी लागते म्हणून. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स कंट्रोल बोर्डाची पेन ऑनलाइन नावाची व्यवस्था आहे, तिच्यावरून ही सूचना जाते. तिकडचा देश खरेदीदार खरा आहे का ते तपासतो. तुमचा खरेदीदार कितीही घाई करो, हे त्याच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही.

म्हणून क्रम: खरेदीदाराची कागदपत्रं, एनओसीचा अर्ज, एनओसी हातात, मगच कंटेनर बुकिंग. एजंट सांगतो "कंटेनर लावून ठेवू, एनओसी येईल तोवर". नाही आली की न्हावा शेवाला डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट चालू, आणि तो खर्च एजंट देत नाही. एनओसीवरचं नाव, पत्ता, किलो, पदार्थाचं नाव आणि शिपिंग बिलावरचं सगळं शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. एनओसी ५००० किलोची आणि इनव्हॉइस ५०४० ची, तर ते ४० किलो कस्टमला सोडता येत नाहीत.

८. रोजचं रजिस्टर आणि तिमाही रिटर्न

रजिस्टर रोज भरायचं. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेलं रजिस्टर कुणालाही ओळखू येतं. सुरुवातीचा साठा, आलेला, गेलेला किंवा वापरलेला, शिल्लक. कारखान्यात वापर असेल तर बॅच शीटचा नंबर समोर टाका म्हणजे प्रॉडक्शन आणि स्टोअर यांचा मेळ लागतो. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही करा, व्हाइटनर नको.

तिमाही रिटर्न एनसीबीच्या झोनल डायरेक्टरकडे जातं. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच भरून टाका, पोचपावती छापून फाइलला. आणि निल असेल तरी भरा. पूर्ण तिमाहीत एक किलो हलला नाही म्हणून रिटर्न सोडून देणारे खूप आहेत. यूआरएन चालू आणि रिटर्न बंद असलं की पुढची चौकशी ठरलेली.

रिटर्न पाठवायच्या आधी चार आकडे शेजारी मांडा: रजिस्टरची शिल्लक, प्रत्यक्ष मोजलेले ड्रम, जीएसटीवरची विक्री, परत आलेल्या कन्साइनमेंट नोटांची बेरीज. जुळत नसतील तर कारण सापडेपर्यंत रिटर्न पाठवू नका, आणि सापडलं की ते कारण रजिस्टरमध्येच लिहा. मोजायला स्टोअरवाल्याला एकट्याला पाठवू नका, अकाउंटचा माणूस बरोबर द्या, आणि ड्रम नुसते मोजू नका, हलवून बघा. रिकामा ड्रम भरलेल्यांच्या रांगेत उभा असतो.

जुनी रजिस्टरं किती वर्षं ठेवायची म्हणून विचारतात. मी पाच वर्षांच्या आतलं काही फेकू देत नाही, आणि ज्या व्यवहाराबद्दल कधी पत्र आलं असेल त्याचा कागद तर त्यानंतरही कपाटातच. फक्त ते कपाट तळमजल्यावर नको.